मंगरूळची लाईन

तारखात्यात आयुष्य काढलेल्या माणसाची एक गंमत असते. नोकरीत असताना त्यानं प्रत्येक शब्द मोजून पाठवलेला असतो. लग्न ठरलं, मूल झालं, माणूस गेला, सगळं लोक आठ-दहा शब्दांत कोंबून आमच्या खिडकीत सरकवायचे आणि आम्ही ते तसंच पुढे ढकलायचो. मग न पाठवलेले शब्द जातात कुठे? आमच्या पोटात साठतात. आणि पेन्शनीत निघाल्यावर तुमच्यासारखी मंडळी भेटली की एकेक करून बाहेर पडतात. माझी बायको म्हणते, ह्यांना आता कोणी थांबवायचं!

वाशीमच्या तारघरात मी सहा वर्षं तारबाबू होतो. इंग्रजांचं राज्य होतं, अंगात जोम होता आणि सरकारी नियमांवर माझा तेव्हा विश्वाससुद्धा होता. तिथले किस्से पन्नास निघतील. पण आज आभाळ असं भरून आलंय, तर त्या पुराच्या पंधरवड्याचेच सांगतो. हसायला येईल तिथे हसा. आम्हीही हसलो होतो.

*

त्या वर्षी भाद्रपदात सलग चार दिवस पाऊस पडला आणि वाशीमहून निघणाऱ्या तिन्ही तारा मुक्या झाल्या. एक अकोल्याकडची, एक रिसोडकडची आणि एक मंगरूळकडची. माझ्यासमोरचं यंत्र एरवी दिवसभर खटखट करायचं. ते गप्प झालं, तेव्हा मला घरातलं कोणी रुसल्यासारखं वाटायला लागलं.

लाईनींचे इन्स्पेक्टर होते पांढरीपांडेसाहेब. नागपूरचे, उंच, ताठ, आणि आराखड्याशिवाय पाणीही न पिणारे. त्यांनी आम्हा सगळ्यांना तारघरात गोळा केलं. गुदामात तारेची अकरा भेंडोळी होती आणि कपांच्या तीन पेट्या. कप म्हणजे खांबावरची ती चिनी मातीची पांढरी वाटी, जिला तार बांधतात. ती नसली तर तारेतली वीज ओल्या खांबातून जमिनीत उतरते आणि बातमी तिथेच मरते. तिन्ही लाईनी उभ्या करायला एवढं सामान पुरणार नव्हतं. नवीन येणार होतं नागपूरहून, आणि रेल्वेचा पूल तर खचलेला.

साहेबांनी खडू घेतला आणि फरशीवरच नकाशा काढला. वाशीम मध्ये, तीन रेघा तीन दिशांना. "अकोला पहिली," ते म्हणाले. त्यावर कोणाचं दुमत नव्हतं. जिल्ह्याचं ठाणं अकोल्याला. उरलेल्या दोहोंपैकी आधी कुठली, याचा विचार करत ते उभे असतानाच छपरातून धार लागली आणि मंगरूळची रेघ आमच्या डोळ्यांदेखत वाहून गेली.

साहेबांनी वर छपराकडे पाहिलं, खाली फरशीकडे पाहिलं. म्हणाले, "बघा, वरूनच हुकूम आला."

सगळे हसले. नामदेव लाईनमन तेवढा हसला नाही. तो पुढे झाला, खांद्यावरच्या उपरण्यानं फरशी कोरडी केली, साहेबांच्या हातातून खडू घेतला आणि ती रेघ पुन्हा ओढली. वाशीमपासून मंगरूळपर्यंत. मग आणखी थोडी पुढे नेली, जिथे खात्याची लाईनच नव्हती.

"हे काय?" साहेबांनी विचारलं.

"इंझोरी, साहेब. माहं गाव हाय."

गया, त्याची बायको, आणि दोन पोरी इंझोरीला होत्या. पाऊस लागल्यापासून तिकडची काहीच खबर नव्हती.

*

अकोल्याची लाईन तिसऱ्या दिवशी बोलायला लागली. त्याच सकाळी मंगरूळच्या दवाखान्यातला शिपाई गफ्फार पायी वाशीमला येऊन पोचला.

पायी म्हणायचं ते आपलं असंच. वाटेत दोन नाले त्यानं वाळक्या भोपळ्यांची पेटी पोटाला बांधून पोहून पार केले होते. डॉक्टरांनी दिलेली चिठ्ठी त्यानं मेणकापडात न ठेवता फेट्यात ठेवली, कारण त्याच्या मते माणूस बुडेपर्यंत फेटा बुडत नाही. दोन दिवस मान वर धरून तो चालला, पोहला, एका गोठ्यात निजला, आणि चिठ्ठी कोरडी ठणठणीत घेऊन तारघराच्या दारात आला. दारात पांढरीपांडेसाहेब उभे होते. साहेब दिसल्याबरोबर गफ्फारनं अदबीनं वाकून सलाम केला.

नेमका पन्हाळीखाली.

फेटा सोडून चिठ्ठी काढली तेव्हा कागदावर निळं पाणी होतं, दुसरं काही नव्हतं. साहेब तो कागद उजेडाकडे धरून बराच वेळ बघत राहिले. गफ्फार रडकुंडीला आला होता.

"दोन नाले पोहून आलो साहेब," तो म्हणाला, "अन् बुडालो सरकारी पान्यात."

त्याला तोंडी सांगता आलं ते एवढंच, की नदीकाठच्या गावांत हैजा, म्हणजे कॉलरा, सुरू झालाय, डॉक्टरसाहेबांनी टोचणीची लस मागवलीय, कुठल्या गावाला किती ते सगळं चिठ्ठीत आहे. "इंझोरीकडे बी असंल असं लोक म्हनतात," तो पुढे म्हणाला. नामदेव त्याच्या पाठीमागेच उभा होता. त्यानं गफ्फारला चहा आणून दिला. दुपारी गफ्फार तापानं फणफणला, आणि नाले त्या दिवशी पुन्हा इतके चढले की त्याच्या जागी दुसऱ्या कोणाला धाडायची सोय उरली नाही.

मी अकोल्याला तार केली. उत्तर तासाभरात आलं. लस आहे, होडीसकट पाठवतो, पण सगळा जिल्हाच लस मागतोय. कुठल्या गावाला किती हे डॉक्टरनं स्वतः कळवल्याशिवाय पेटी हलणार नाही. मला तेव्हा असा राग आला होता की ती तार मी फाडणार होतो. आजही आठवलं की येतो. पण खरं सांगू, त्यांच्या जागी मी असतो तर मीही हेच उत्तर दिलं असतं.

*

म्हणजे आता सगळं अडलं ते मंगरूळच्या लाईनीवाचून. आणि तेवढ्यात वरच्या कचेरीचा हुकूम आला की उरलेल्या दोन लाईनींपैकी कमी सामानात जी उभी राहील ती आधी घ्यावी. रिसोडचे कापसाचे व्यापारी भाव कळत नाहीत म्हणून ओरडत होतेच. हैजाचा पुरावा म्हणून आमच्याकडे कागद होता, पण त्या कागदावर अक्षर नव्हतं.

साहेब हुकूम मोडणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी नामदेवला मंगरूळच्या वाटेवर पाठवलं आणि शेख चांदला रिसोडच्या. पडलेले खांब मोजून यायचं. ज्याचा आकडा कमी, ती लाईन पहिली.

शेख चांद हा वाशीमचाच, नामदेवचा जोडीदार. दोघं बारा वर्षं एका शिडीच्या दोन टोकांना होते. एक बोलायचा, दुसरा ऐकायचा, आणि त्यावर त्यांचं उत्तम चाललं होतं.

दुसऱ्या दिवशी नामदेव आधी आला. गुडघ्यापर्यंत काळ्या चिखलाचे मोजे. मंगरूळच्या अलीकडच्या मोठ्या नाल्यापर्यंत तो जाऊन आला होता. नाल्यापलीकडे लाईन उभी दिसत होती, अलीकडे मात्र दैना होती. "बावन्न," त्यानं सांगितलं.

आम्ही सगळे एकमेकांकडे बघायला लागलो. त्याची बायको-पोरं तिकडे, तपासायला दुसरं कोणी गेलेलं नाही, तीस म्हणाला असता तरी कोण विचारणार होतं? मी त्याला बाजूला घेऊन तसं बोललोही.

"तीस सांगतलं असतं, तं तिसाचंच सामान घेऊन गेलो असतो," तो म्हणाला. "मंग बावीस खांबायच्या अलीकडे बसून काय केलं असतं, बाबू?"



तेवढ्यात शेख चांद आला. नामदेवचा आकडा त्याला व्हरांड्यातच कळला असणार. साहेबांपुढे उभा राहून त्यानं ठासून सांगितलं, "सत्तर पडले, साहेब."

साहेबांनी नोंदवही उघडली. पान उलटलं. चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. "शेख चांद, तुला दिलेल्या टप्प्यात खांबच एकूण अठ्ठावन्न आहेत."

शेख चांदनं छपराकडे पाहिलं, नामदेवकडे पाहिलं, आणि म्हणाला, "पाऊस फार व्हता, साहेब. काही दोनदा पडले असतीन."

आम्हाला वाटलं, गेली याची नोकरी. मग साहेबांनी टाक शाईत बुडवला आणि रिसोडपुढे आकडा न घालता लिहिलं, 'मोजणी संशयास्पद. फेरमोजणी करावी.' फेरमोजणीला दोन दिवस लागणार होते, आणि तोवर माणसं रिकामी बसवून ठेवायची नाहीत असाही एक नियम होताच. साहेबांनी तो आम्हाला क्रमांकासकट म्हणून दाखवला. बैलगाड्या त्याच दुपारी मंगरूळच्या वाटेला लागल्या. तारघर दुसऱ्या बाबूवर सोपवून, चाचणीचं यंत्र घेऊन मीही निघालो.

*

पण निघण्याआधी कपांचा घोळ मिटवावा लागला. बावन्न खांब, आणि अकोल्याची लाईन करून कप उरले होते एकतीस.

वाशीमच्या बाजारात उस्मानभाईंचा सोड्याचा कारखाना होता. कारखाना म्हणजे एक खोली, एक यंत्र आणि गोटीच्या बाटल्यांचे खोके. ही अक्कल शेख चांदची. जाड काचेच्या बाटलीची मान कापून खुंटीवर बसवली तर तिच्यावर तार बांधता येते, काचेतून वीज खाली उतरत नाही. साहेबांनी डोक्याला हात लावला. खात्याच्या पुस्तकात सोड्याच्या बाटलीवर प्रकरण नव्हतं. पण दुसरं काही सुचत नव्हतं, म्हणून ते स्वतः उस्मानभाईंच्या दुकानात गेले.

उस्मानभाईंनी सगळं ऐकून घेतलं. ते शब्दाला फार महाग होते. आत गेले, खोका आणला, आणि एकेक बाटली राकेलमध्ये भिजवलेल्या सुतळीनं बांधून, सुतळी पेटवून, पाण्यात बुडवून तिची मान अशी अलगद उडवायला लागले की साहेब बघतच राहिले. दोन डझन माना झाल्या. प्रत्येक बाटलीतली गोटी मात्र ते काढून एका डब्यात ठेवत होते.

साहेबांनी लिहून द्यायची तयारी दाखवली, सरकार भरपाई देईल वगैरे. उस्मानभाई म्हणाले, "भरपाई राहू द्या. हैजा वाशीमले आला तं सोडा पिनार कोन?"

पुढे महिन्याभरानं वरच्या कचेरीनं साहेबांना पत्र लिहून विचारलं की अहवालातले 'काचेचे कप, स्थानिक बनावट' हे कितपत टिकाऊ आहेत. साहेबांनी उलट टपाली कळवलं, 'पूर्वी यात गॅस कोंडलेला असे, तेव्हाही टिकत.'

*

वाटेत एक खांब आम्हाला उभा सापडला.

नामदेवच्या मोजणीत तो पडलेल्यांत होता, म्हणून आम्हाला आधी आनंद झाला. जवळ गेलो तर खांबाच्या डोक्यावर ना कप, ना आडवी पट्टी, ना नंबराचा पत्रा. नुसता डांबर लावलेला सोट वर. शेजारच्या वावरातला म्हातारा पळत आला. पडलेला खांब बघून तो घाबरला होता. सरकारची वस्तू आपल्या बांधावर मोडून पडली, उद्या शिपाई येऊन आपल्यालाच धरतील, म्हणून त्यानं आणि त्याच्या जावयानं खड्डा खणून तो बिचारा पुन्हा लावून ठेवला होता. कप, पट्टी, नंबर सगळं जमिनीत तीन हात खाली.

साहेब म्हणाले, "अहो, उलटा लावला तुम्ही!"

म्हातारा खांबाकडे वरपासून खालपर्यंत बघत म्हणाला, "जिकडे कुजेल व्हतं तिकडचं वर ठेवलं, साहेब. कुजेल बाजू आमी जमिनीत नाई घालत."

त्या चार दिवसांत मोठ्यानं हसलो ते तेवढंच. हसता हसता मी नामदेवकडे पाहिलं. तो खड्डा उकरायला लागला होता. एक खांब उपटून पुन्हा लावायला अर्धा तास जातो. तो ते पावघटकेत उरकू बघत होता आणि त्याच्या तळहाताची सालं निघाली होती.

*

तिसऱ्या दिवशी आम्ही एका गावाच्या शिवेवर येऊन थांबलो, कारण तिथे खांबच उरले नव्हते. ओढ्यानं चार खांब मुळासकट नेले होते. शिवेवर चार मोठे कडुनिंब मात्र उभे होते, अगदी आम्हाला हवे तसे ओळीत. साहेब म्हणाले, झाडांनाच बाटल्या ठोका.

शेख चांदनं पहिल्या निंबाला शिडी लावली आणि गावातून माणसं धावत आली. हातात काठ्या होत्या. झाडांखाली शेंदूर लावलेला दगड आणि एक छोटा लाकडी गाडा होता. त्यात हिरवी चोळी, बांगड्या, लिंबं. मी बघताच ओळखलं. गावात हैजा आला होता आणि लोकांनी मरीआईचा गाडा शिवेबाहेर आणून सोडला होता. एकदा गाडा शिवेवर आला की तिथलं पान हलवायचं नाही, नाहीतर आई माघारी फिरते. आणि आम्ही तिच्या झाडाला खिळे ठोकायला निघालो होतो.

साहेबांनी सरकारचं नाव घेतलं. त्यानं काठ्या आणखी वर गेल्या. एकजण म्हणाला, "परवा माहा भाऊ गेला. आता तुमी देवीले परत धाडून राह्यले काय?" त्याचा आवाज फाटला होता. मला त्याचं म्हणणं चूक आहे असं काही केल्या वाटेना. माझं यंत्र पोटाशी धरून मी गाडीमागे सरकलो, हेही कबूल करतो.

गाड्याची पूजा करणारी एक म्हातारी होती. तिनं सगळ्यांना गप्प केलं आणि नामदेवला विचारलं, "ह्या तारंतून काय जाते रे?"

"सांगावा जाते, मावशी. डाक्टर सांगनार हाय, कोनत्या गावाले किती दवा पायजे."

"आमच्या गावाचं नाव जाईन त्यात?"

"डाक्टरले ठाव असंल तं जाईन."

"अन् तुह्या?"

नामदेवनं मान खाली घातली. "ठाव नाई, मावशी. ते आयकाले तं चाललो."

म्हातारी दगडापुढे बसली. हळू आवाजात काही बोलली. आम्ही सगळे, साहेबसुद्धा, चपला काढून उभे होतो. मग ती उठली आणि म्हणाली, "खिळा ठोकू नोका. सुताच्या दोरीनं बांधा. अन् बांधनारा उपाशी पायजे."

आम्ही सगळ्यांनी सकाळी भाकर खाल्ली होती. एकट्या नामदेवनं आदल्या दिवसापासून काही खाल्लं नव्हतं, हे आम्हाला तेव्हा कळलं. चारही झाडांवर तोच चढला.

*

आता शेवटचा.

चौथ्या दिवशी दुपारी आम्ही मंगरूळच्या अलीकडच्या त्या मोठ्या नाल्यावर पोचलो. पलीकडची लाईन मंगरूळपर्यंत धड होती. पलीकडच्या काठावरच्या खांबावरून तार सुटून पाण्यात लोंबत होती. शेख चांदनं दोरीला आकडा बांधून तासभर फेकाफेक केली आणि ते टोक ओढून काढलं. अलीकडच्या काठावरचा खांब कलला होता. नामदेव त्यावर चढला. एका बाजूनं वाशीमकडून आलेली तार, दुसऱ्या बाजूनं मंगरूळची.

टोकाला टोक लागत होतं. पण सांधा मारायचा तर दोन्ही टोकं एकमेकांभोवती वेटाळावी लागतात, त्याला हातभर तार जास्त लागते. ती नव्हती. अकराच्या अकरा भेंडोळी संपली होती. कप्पी लावून ओढलं तर खांबच पाण्याकडे झुकायला लागला. साहेबांनी वाशीमला माणूस धाडून तुकडा आणायचा विचार बोलून दाखवला. जाऊन-येऊन दीड दिवस.

"मी धरतो," नामदेव वरून म्हणाला. "तुमी बोलून घ्या."

दोन्ही टोकांना त्यानं आकड्यासारखं वाकवलं, एकात एक अडकवलं आणि उघड्या मुठींत आवळून धरलं. पाऊस चालूच होता. तो ओलाचिंब, खांब ओला. अशा वेळी तारेतून गेलेला प्रत्येक ठोका धरणाऱ्याच्या हातात मुंगी चावल्यासारखा चावतो. मरत नाही माणूस त्यानं, पण दहा मिनिटं कोणी धरत नाही.

खांबाच्या बुडाशी मी यंत्राची पेटी लावली. साहेबांनी माझ्यावर छत्री धरली. मी मंगरूळला हाक घातली, आणि पलीकडचा बाबू जणू यंत्राच्या किल्लीवर हात ठेवूनच बसला असावा, तसं तत्काळ उत्तर आलं. मग वाशीमनंही हाक ओळखली. डॉक्टरांची तार तयारच होती. मंगरूळ बोलत होतं, वाशीम लिहून घेत होतं, मी मधे बसून शब्द नीट जातायत का ते ऐकत होतो. आणि सगळं जात होतं नामदेवच्या मुठींतून.

एकेक गाव आणि त्यापुढे आकडे. पहिला आजाऱ्यांचा, दुसरा गेलेल्यांचा, तिसरा किती जणांना लस हवी त्याचा. पहिलं गाव झालं. दुसरं झालं. तिसरं त्या म्हातारीचं होतं. आणि चौथं होतं इंझोरी, ज्याचे तिन्ही आकडे तोवरच्या सगळ्यांपेक्षा मोठे होते.

मी मान वर केली नाही. तारेतला मजकूर बाहेर फोडायचा नाही अशी शपथ आम्ही नोकरीला लागतानाच घेतलेली असते, आणि साहेब डोक्यावर उभे होते. पण खरं कारण ते नव्हतं. मला त्याच्या तोंडाकडे बघायची हिंमत नव्हती. तार चालू राहिली. पाचवं, सहावं, सातवं. वर खांब करकरत होता. एकदाही ठोका तुटला नाही, एकदाही मला 'पुन्हा सांग' म्हणावं लागलं नाही. अकरा गावं झाली आणि वाशीमनं पोच दिली.

"गेली?" साहेबांनी विचारलं.

"गेली."

नामदेवच्या मुठी आपण होऊन उघडेनात. शेख चांदनं वर चढून त्याची बोटं एकेक करून सोडवली. खाली येऊन तो माझ्यासमोर उकिडवा बसला. त्यानं मला काही विचारलं नाही. ते न विचारणंच मला सोसेना.

"नामदेव," मी म्हणालो, "इंझोरीचं नाव नव्हतं त्यात."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, पण मला अडवलं नाही.

नामदेव तळहात एकमेकांवर चोळत होता. त्याला सहीसुद्धा येत नव्हती, पगाराच्या कागदावर तो अंगठा लावायचा.

"हाय, बाबू," तो हळूच म्हणाला. "चौथं हाय. तारघराच्या खिडकीखाली बसून वीस वर्सं हेच ठोके आयकून राह्यलो. कानाले कळते, तसं हातालेबी कळते."

मग शेख चांदच म्हणाला, "कळलं व्हतं, तं तवाच काहून नाई सोडलं बे? पोहून गेला असता, मी आलो असतो तुह्यासंगं."

नामदेव नाल्यापलीकडे बघत होता.

"मांगं आनखी सात गावं व्हती ना," तो म्हणाला.